खटक्याची न झिजलेली बाजू

गुरुवारी आणि रविवारी एल आल्तोचा बाजार भरतो,
चार हजार मीटरवर, जिथे पाणीसुद्धा
पुरतं तापायच्या आधीच उकळतं.
जुन्या पँटी, मोटारींचे दरवाजे, बाहुल्यांचे सुटे हात,
आणि त्यांच्या मधोमध निळ्या ताडपत्रीखाली
माझी मावशी, तोमासा लिमाची,
डोक्यावर हॅट, मांडीवर उघडा रेडिओ,
कानामागे, पेन्सिल खोचावी तसा, स्क्रूड्रायव्हर.

मी अकरा वर्षांचा. माझं काम एवढंच,
डाखाचा धूर फुंकून तिच्या डोळ्यांपासून लांब ठेवायचा.

पहिला धडा खटक्याचा.
दाबायचा नव्हे, सरकवायचा,
नखाएवढा, वर दातेरी टोपण.
पत्र्याचे चार कान उलगडून तिनं त्याची डबी उघडली.
"बघ, आत फार काही नसतं."
एका रांगेत तीन पाय. एक पितळी चिमटा.
चिमटा मधल्याला कधीच सोडत नाही.
डावीकडे ढकल, मधला आणि डावा बोलू लागतात,
उजवा गप्प.
उजवीकडे ढकल, आता डावा उपाशी.
वीज मधल्या पायानं येते
आणि चिमटा नेईल त्या घरी जाते.
खाली दोन खळगे, स्प्रिंगवर बसवलेली पोलादी गोळी,
बोटाला जो टक् लागतो तो तिचा.
"तो टक् नसता," मावशी म्हणाली,
"तर माणसांनी सगळे खटके मधेच ठेवले असते."

मग मला जिथे तिथे तोच दिसू लागला.
विजेरीच्या पोटावर,
बें बें करणाऱ्या प्लास्टिकच्या मेंढीच्या पायांत,
केस वाळवायच्या यंत्राच्या मुठीत, गार, कोमट, गरम,
आणि कॉम्प्युटरच्या पाठीला, लाल, खोल बसवलेला,
११५ की २३०,
जो नखाला दाद देत नाही, टोकदार काहीतरी मागतो.
खाली ला पासच्या जुन्या घरांत एकशेदहा,
वर आमच्याकडे दोनशेवीस.
केबल कारनं वर आलेल्या कितीतरी पेट्या
तो लाल खटका न सरकवताच आल्या
आणि नव्या घरी एकदाच, मोठ्यानं, बोलल्या.
त्यांची किंमत मावशी नुसत्या वासावरून सांगायची:
शून्य.

ऑगस्टातल्या एका रविवारी दोन्या एउस्ताकिया आली,
बाळ बांधावं तसा शालीत, पाठीला, रेडिओ.
खटका बोटानं दाबून धरला की बातम्या,
सोडला की वाळू.
"नवऱ्याचा," ती म्हणाली, आणि पुढे काही नाही.

मावशीनं डबी उघडली, भिंग माझ्या हातात दिलं.
एएमकडचे दोन पाय काळे, चरे पडलेले,
चांदीचा मुलामा कधीचाच उडालेला.
एफएमकडचे दोन
कालच दुकानातून आणल्यासारखे.
म्हणजे तेवीस वर्षांत तो माणूस
एकदाही तिकडे गेला नव्हता.
पहाटे चारला आयमारा बातम्या, बटाट्याचे भाव,
कुणाचा बैल हरवला, कुणाची भाची परीक्षेत पास,
आणि अंगठा कायम डावीकडे.

तसल्या पायांचा खटका आता मिळत नाही.
अल्कोहोलनं पुसून पाहिला.
पण गेलेली चांदी पुसून परत येते थोडीच.
मावशी बराच वेळ कोकाची पानं चघळत बसली.
मग सहाही पायांचा डाख वितळवला,
खटका उपटला,
होता तसाच अर्धा गरकन फिरवला,
उजवीकडचे पाय डावीकडे,
आणि पुन्हा सहा थेंब डाख.

एएमवर ढकलला. टक्.
एक माणूस आमच्या भाषेत हरवलेल्या मेंढरांच्या खुणा सांगत होता,
इतक्या जवळून, की मी मागे वळून पाहिलं.

"एफएम आता खरखरेल," मावशीनं बजावलं.
"मी तिकडे कशाला जाऊ?"

पैसे मोजताना दोन्या एउस्ताकियानं
अंगठा त्या टोपणावर ठेवला, हलवला नाही.
एक बोलिव्हियानो कमी भरला.
मावशीनं तो मागून घेतला.